एरर नाही, तरी गेम चालत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या गेम इंजिनात पायथन लिहायला घेतलेले बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: स्क्रिप्टमध्ये एकही एरर नाही, तरी गेम मनासारखा का चालत नाही? २०१९ मध्ये आलेल्या ब्लेंडर २.८० मधून हे इंजिन वगळले गेले, पण २.७९ किंवा यूपीबीजीई (याच इंजिनाची इतरांनी पुढे चालू ठेवलेली आवृत्ती) वापरणारे अजून आहेत आणि त्यांचा प्रश्नही तोच आहे.

आधी एरर खरोखरच नाही ना, याची खातरजमा करावी. विंडोजवर विंडो मेन्यूतून सिस्टिम कन्सोल (एररचे संदेश दाखवणारी खिडकी) उघडला नाही, तर गेम चालू असताना आलेली एरर दिसतच नाही. सेन्सरच्या (बटण दाबणे, टक्कर अशा घटना टिपणाऱ्या घटकाच्या) नावातले कॅपिटल अक्षर स्क्रिप्टमध्ये स्मॉल लिहिले गेले, किंवा कुठून तरी उतरवलेल्या ओळींत टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ झाली, तर कन्सोल ओळीच्या क्रमांकासह तक्रार करतो. या चुका चटकन सुटतात.

खरी अडचण वेगळीच असते. कॉलेजात शिकलेला पायथन प्रोग्राम वरून सुरू होतो, खालपर्यंत जातो आणि संपतो. इथे सूत्रे इंजिनाच्या हाती असतात: ते साधारणपणे सेकंदाला ६० वेळा सेन्सर तपासते, सेन्सरने पल्स, म्हणजे इशारा, दिला की कंट्रोलरला (सेन्सरचा इशारा घेणाऱ्या घटकाला) जोडलेली स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवते आणि ती संपल्यावरच पुढची फ्रेम रेखाटते. म्हणून ‘दार उघडेपर्यंत फिरवत राहा’ असा व्हाइल लूप लिहिला की दार हळूहळू उघडताना दिसत नाही, मधल्या काळात सगळा गेमच गोठतो. लूप इंजिनाकडे आधीच आहे; एका फेरीत दार किती फिरावे, एवढेच आपण लिहायचे.

गुण शून्यावर अडकतात तेही यामुळेच. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘स्कोअर बरोबर शून्य’ लिहिले असेल, तर ती ओळ प्रत्येक पल्सला पुन्हा चालणारच. मॉड्यूल पद्धतीत, म्हणजे कंट्रोलरला अख्ख्या स्क्रिप्टऐवजी पायथन फाइलमधले एक फंक्शन जोडले तर, ती एकदाच चालते, पण मग तो आकडा ते मॉड्यूल वापरणाऱ्या साऱ्या ऑब्जेक्टचा सामायिक होतो. शत्रूची ताकद तशी लिहिली, तर एकाला गोळी लागताच सगळे अशक्त होतात (हा बग पाहायला मात्र मजेदार असतो). असा आकडा ज्याचा त्याच्या ऑब्जेक्टवर, गेम प्रॉपर्टी (त्या ऑब्जेक्टपुरते साठवलेले मूल्य) म्हणून ठेवावा.

कीबोर्ड सेन्सरचेही असेच. तो बटण दाबल्यावर एक पल्स देतो आणि सोडल्यावर दुसरा, आणि पायथन कंट्रोलर दोन्ही वेळा चालतो. त्यामुळे पात्र दाबताना एक पाऊल पुढे जाते आणि सोडतानाही एक. सेन्सर पॉझिटिव्ह (म्हणजे बटण दाबलेले) असेल तरच हलवा, अशी अट घातली की दुसरे पाऊल थांबते. बटण दाबून धरल्यावर सतत चालायला हवे असेल, तर सेन्सरचे ट्रू लेव्हल ट्रिगरिंग (दाबलेले असेपर्यंत पल्स देत राहण्याचा पर्याय) सुरू करावे.

सर्वांत फसवी चूक मात्र वर्ल्डपोझिशनची, म्हणजे ऑब्जेक्टची जागा सांगणाऱ्या प्रॉपर्टीची, आहे. पात्र हरल्यावर मूळ जागी परतावे म्हणून लोक सुरुवातीलाच तिचे मूल्य ‘स्टार्ट’ नावाने जपून ठेवतात, आणि हरल्यावर पात्र परतण्याऐवजी जागचे हलत नाही. कारण इंजिन तिथे नुसते सुटे आकडे देत नाही, ऑब्जेक्टच्या चालू स्थानाशी जोडलेला व्हेक्टर (तीन आकड्यांचा संच) देते. पात्र सरकले की ‘स्टार्ट’ही सरकतो. साठवतानाच त्यावर कॉपी ही मेथड चालवली, तर मूळ जागेचे आकडे तसेच राहतात.