गोव्याला छोट्या विमानाने जाताय? आधी शिडीचं विचारा

‘व्हीलचेअर मिळेल का?’ असं विमान कंपनीला विचारूच नका. उत्तर कायम ‘हो’ येतं आणि त्या ‘हो’चा काडीचा उपयोग नसतो. विचारायचं ते हे: विमान कुठलं आहे, आणि मला शिडीवरून वर कसं नेणार?

मला उभं राहता येत नाही. गणेश चवथीला म्हापशाला मावशीकडे जायचं म्हणून भाच्यासोबत छोट्या विमानाचं तिकीट काढलं. नियमाप्रमाणे 48 तास आधी कळवलं, शिडीचंही विचारलं. ‘अँब्युलिफ्ट आहे, मॅडम, काळजी करू नका,’ असं हेल्पलाइनने सांगितलं. अँब्युलिफ्ट म्हणजे खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत वर उचलणारी गाडी. कंपनीचं आणि त्या विमानतळाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं.

अँब्युलिफ्ट होती खरी, पण लांब उभी. ‘ती मोठ्या विमानांची, याला लागत नाही.’ रॅम्प? ‘आज नाही.’ समोर आमचं छोटं विमान, एटीआर 72, भुरभुर पाऊस, ओली शिडी. या विमानाचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं आणि पायऱ्या त्या दारालाच जोडलेल्या असतात. अरुंद इतक्या की दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकत नाहीत. त्यामुळे उचलायचं म्हणजे एकाने मागून काखेत हात घालायचे, दुसऱ्याने पुढून गुडघ्यांखाली धरायचं आणि तिरपं वर न्यायचं. मला तसं नेलं, तांदळाच्या गोणीसारखं. मधल्या पायरीवर मागच्याचा हात सुटला, माझी पाठ कठड्यावर आपटली. भाचा खालून ओरडत होता, ‘आत्याला हळू धरा!’ ती पोरं मेहनती होती, पण माणूस कसा उचलायचा हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

गोव्यात मोपा विमानतळावर उतरताना मात्र रॅम्प आला. चाकांवर ढकलत आणला, दाराला लावला आणि पाच मिनिटांत मी खाली. म्हणजे साधन आहे, ते आणून ठेवायची इच्छा हवी!

तेव्हा माझं मत ऐका. रॅम्प मिळेल असं ईमेलवर लेखी आलं नाही तर एटीआरचं तिकीट काढू नका. दोन-तीन हजार जास्त पडले, वेळ अडनिडी असली तरी एअरोब्रिज (इमारतीतून थेट दारापर्यंत जाणारा बंदिस्त पूल) लागणारं मोठं विमान घ्या. परतताना मी तेच केलं. माझी खुर्ची थेट विमानाच्या दारापर्यंत गेली, तिथून आयल चेअरवर, म्हणजे सीटांमधल्या वाटेतून जाणाऱ्या अरुंद खुर्चीवर बसून सीटपर्यंत. कुणी हातही लावला नाही. इतका आनंद झाला की आता दर महिन्याला गोव्याला जावंसं वाटतंय.

तिकिटावर तुमची गरज कोणत्या कोडने नोंदवली आहे ते बघा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. फोनवर बहुतेक वेळा पहिलाच टाकतात. मग रॅम्प कशाला येईल? एटीआरमध्ये शेवटच्या रांगा मागा, दार तिथेच असतं. खुर्ची दाराशीच द्यायची आणि दाराशीच परत मागायची. गादी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या काढून आपल्याबरोबर आत न्या. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता (वॅट-अवर) आधी कळवा. टॉयलेट विसरा, त्यात खुर्चीवरून सरकायला जागाच नाही. लघवीची पिशवी बोर्डिंगआधी रिकामी करा.

गोव्यात विमानतळ दोन. मोपा पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ, मध्ये मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. मुक्काम कुठे आहे ते बघूनच निवडा, कारण टॅक्सीत एकदा चढायचं-उतरायचं म्हणजे आपल्याला किती कष्ट पडतात ते आपल्यालाच ठाऊक. टॅक्सी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी आहे का ते आधी विचारा. असेल तर खुर्ची मावत नाही. आमच्या चालकाने खुर्चीचे वेगळे पाचशे मागितले. ‘पावतीवर लिहून द्या’ म्हटल्यावर गप्प बसला. तुम्हीही तेच म्हणा, एक रुपया जास्त देऊ नका.

चवथ छान झाली. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-पानं), नेवऱ्या (करंज्या), भजनं, सगळं. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

कुणी तुम्हाला चढूच देत नसेल तर भांडा. 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या, त्यांना विमानातून उतरवलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 2016 मध्ये न्यायालयाने कंपनीला 10 लाख रुपये द्यायला लावले. 2022 पासून डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम आणखी स्पष्ट आहे: प्रवासात तुमची तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटत असेल तर आधी डॉक्टरने तुम्हाला प्रत्यक्ष तपासायला हवं, त्यानंतरच निर्णय. नुसतं काउंटरवरून ‘जमणार नाही’ चालत नाही.

ईमेलमध्ये एवढंच लिहा: ‘मी पायऱ्या चढू शकत नाही. हाताने उचलून नेण्यास माझी संमती नाही. रॅम्प किंवा या विमानाला लागणारी लिफ्ट मिळेल असं लेखी कळवा.’ उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवा आणि चेक-इनला पोचल्यावर सर्वांत आधी ती दाखवून रॅम्प कुठे आहे ते विचारा. बॅग नंतर द्या. तरीही काही झालं तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर त्याच दिवशी तक्रार टाका, शिडीच्या फोटोसकट.