गॅलापागोस: बोट नंतर, आधी मार्ग ठरवा

पॅसिफिक महासागरातल्या, इक्वाडोर देशाच्या गॅलापागोस बेटांच्या क्रूझची तयारी सुरू केली तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही दोघी आधी बोटींच्याच मागे लागलो होतो. केबिन केवढी, खिडकी समुद्राकडे उघडते का, जेवण कसं. महिनाभर यात गेल्यावर लक्षात आलं की खरा प्रश्न राहूनच गेलाय: ही बोट कोणकोणत्या बेटांवर थांबते? इथे ज्या प्राण्यासाठी तुम्ही एवढ्या लांब जाता, तो पुष्कळदा एखाद-दुसऱ्या बेटावरच राहतो. ते बेट मार्गात नसेल तर बोट कितीही आलिशान असो, तो दिसणार नाही.

आणि मार्ग आयत्या वेळी बदलत नाही. बेटांची जवळजवळ ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते. कोणत्या बोटीने कोणत्या दिवशी कुठे उतरायचं हे उद्यान ठरवून देतं, आणि एकच जागा दोन आठवड्यांच्या आत पुन्हा करता येत नाही. म्हणून बहुतेक बोटी पंधरा दिवसांचा फेरा मारतात आणि त्याचे चार, पाच किंवा आठ दिवसांचे तुकडे विकतात. नुसतं ‘आठ दिवस’ वाचून पैसे भरू नका. तुमच्या तारखांचा रोजचा कार्यक्रम लेखी मागवा. पहिला दिवस दुपारनंतर सुरू होतो आणि शेवटच्या दिवशी सकाळीच विमानतळावर सोडतात, त्यामुळे चार दिवसांच्या सफरीत हातात पूर्ण दिवस दोनच उरतात. एवढा प्रवास करून जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: आठ दिवसच घ्या. त्यासाठी साधी बोट घ्यावी लागली तरी चालेल.

आता कोण कुठे. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी पाहायचा तर आग्नेयेचं एस्पानोला बेट हवं, तेही एप्रिल ते डिसेंबरमध्ये. बाकीचे महिने तो समुद्रावर असतो. लाल पायांच्या बूबी पक्ष्यांची मोठी वसाहत ईशान्येला जेनोवेसावर आहे. न उडणारा पाणकावळा फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यांवर, तोही मुख्यतः पश्चिम बाजूला. सी लायन, समुद्री इग्वाना (मोठे सरडे), निळ्या पायांचे बूबी यांची काळजी करू नका, ते बहुतेक मार्गांवर भेटतात. आम्हाला ज्वालामुखी आणि पाणकावळे हवे होते, म्हणून आम्ही पश्चिमेचा मार्ग घेतला आणि अल्बट्रॉसवर पाणी सोडलं. तो निर्णय जड गेला, पण दोन्ही हवं म्हटलं की पंधरा दिवसांचा खर्च येतो.

महिन्याचंही आधीच ठरवा. जानेवारी ते मे हवा गरम असते, मध्येच जोराची सर येते, पण समुद्र शांत आणि पाणी कोमट. जून ते नोव्हेंबर हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी येतं, आकाश भरून राहतं आणि ‘गारुआ’ नावाची भुरभुर पडते. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो. या दिवसांत समुद्रात खाणं भरपूर, म्हणून पक्षी आणि सी लायन सगळे कामात असतात. पण लाटाही मोठ्या असतात. कुणाला बोट लागत असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर टाळा.

आमची बोट १६ जणांची होती. उद्यानाचा परवाना असलेल्या एका गाइडबरोबर जास्तीत जास्त १६ जण जाऊ शकतात, त्यामुळे लहान बोटीवर सगळा गट एकदमच किनाऱ्यावर उतरतो. मोठ्या बोटींवर शंभरापर्यंत प्रवासी असतात. त्या हलतात कमी, पण किनाऱ्यावर जायला पाळी लावावी लागते. लहान बोट घेतलीत तर केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध मागा. वरच्या केबिनचं दृश्य छान असतं, पण मोठे पल्ले रात्री कापले जातात, आणि त्या वेळी दृश्यापेक्षा झोप मोलाची. इसाबेलाच्या उत्तर टोकाला वळसा घालून, विषुववृत्त ओलांडून आम्ही पश्चिमेला गेलो त्या रात्री टेबलावरचं सगळं खाली आलं. बोट लागू नये म्हणूनची गोळी निघण्याच्या आधी घ्यायची असते. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फार उपयोग होत नाही.

सकाळी समोर फर्नांडिना होतं. याच बेटावरच्या ला कुंब्रे ज्वालामुखीचा २०२४च्या मार्चमध्ये उद्रेक झाला होता. पृथ्वीच्या पोटातली उष्ण जागा या पश्चिमेच्या बेटांखाली आहे आणि वरचं भूकवच हळूहळू पूर्वेकडे सरकतंय, म्हणून पूर्वेची बेटं म्हातारी, झिजलेली, आणि पश्चिमेची अजून काळी, उघडी. बेटावरच्या पुंता एस्पिनोसा या ठिकाणी उतरलो की पायाखाली दोरखंडाची वेटोळी घालून ठेवावीत तसा गोठलेला लाव्हा, आणि त्यावर शेकडो इग्वाना एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले. थोड्या थोड्या वेळाने एखादा नाकातून फुर्रकन खारं पाणी उडवतो. समुद्रातलं शेवाळ खाताना पोटात गेलेलं जादा मीठ ते असं बाहेर टाकतात. उडालेलं पाणी डोक्यावर वाळून पांढरा थर बसतो.

मग बहिणीने माझा दंड धरला. “ताई, पंख बघ त्याचे!” पाणकावळा पाण्यातून वर आला होता, चोचीत शेवाळाचा ओला झुपका. खडकावर उभं राहून त्याने पंख पसरले तर ते जेमतेम वीतभर, पिसं विरळ, जुन्या झाडणीसारखी. इथे जमिनीवर त्याची शिकार करणारा शत्रू नव्हता आणि खाणं किनाऱ्यालाच होतं; उडण्याची गरज सरली आणि पोहण्याची ताकद पायांत आली. पंख तरीही तो वाळवतो, पूर्वजांसारखेच. मग डुलत डुलत घरट्यापाशी गेला आणि मादीपुढे शेवाळ ठेवलं. तिने ते उचललं, घरट्याच्या कडेला खोचलं, थोडं दाबलं. आम्ही कितीतरी वेळ तिथेच होतो.

खोल समुद्रातून पश्चिमेकडून येणारा एक थंड प्रवाह या बेटांना आपटून वर येतो, म्हणून विषुववृत्तावर असूनही इथे पेंग्विन आहेत. इसाबेलाच्या किनाऱ्याला स्नॉर्केलिंग करताना एक माझ्या खांद्याजवळून गेला. पण पाणी खरोखर थंड होतं. पश्चिमेला जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा वेटसूट घ्या. आमच्या बोटीवर त्याचं भाडं वेगळं होतं आणि ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. किमतीत काय काय धरलंय ते विचारून घ्या.

रोख डॉलर हवेत. इक्वाडोरचं चलन २००० पासून अमेरिकन डॉलरच आहे. सुट्ट्या नोटा ठेवा, मोठ्या घ्यायला दुकानदार नाखूश असतात. मुख्य भूमीवरच्या क्वीतो किंवा ग्वायाकिल शहराच्या विमानतळावर २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड घ्यायचं, तिथेच सामान तपासून सील करतात. फळं, बिया, माती लागलेले बूट काही चालत नाही. बेटांवर उतरल्यावर उद्यानाचं प्रवेशशुल्क: १ ऑगस्ट २०२४ पासून दक्षिण अमेरिकेबाहेरच्या प्रौढांना २०० डॉलर. निदान एक रात्र आधी मुख्य भूमीवर पोहोचा. विमान चुकलं तर बोट थांबत नाही. क्वीतो २,८०० मीटरपेक्षा उंच आहे, तिथे दम लागत असेल तर ग्वायाकिलला मुक्काम करा. बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे असतं. भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो, म्हणून हे काम आधी उरका. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, कारण भाजीपाला एकदाच भरला जातो.

सामानात घट्ट बसणारे सँडल हवेत, कारण काही ठिकाणी ‘पांगा’ नावाच्या छोट्या होडीतून थेट गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. लाव्ह्यासाठी मात्र बंद बूटच. होडीत चढताना खलाशाचा हात पंज्याने न धरता मनगटाच्या वर धरायचा, तो सुटत नाही. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर, फ्लॅश नाही, ड्रोन नाही. सी लायनचं पिल्लू स्वतःहून जवळ आलं तर आपण मागे सरायचं. मोह फार होतो, पण हात लावायचा नाही. माणसाचा वास लागलेल्या पिल्लाला आई ओळखेनाशी होऊ शकते, असं गाइड म्हणाला.

क्रूझ संपल्यावर आम्ही दोन दिवस सांताक्रूझ बेटावरच्या पुएर्तो आयोरा गावात राहिलो, आणि ते राहावंच. सांताक्रूझच्या उंचावरच्या ओल्या गवतात महाकाय कासवं मोकळी फिरतात. गावातल्या डार्विन संशोधन केंद्राशेजारी, उद्यानाच्या कासव-प्रजनन केंद्रात लोनसम जॉर्ज जतन करून ठेवलाय, पिंटा बेटाच्या कासवांतला शेवटचा. तो २४ जून २०१२ रोजी गेला. त्या काचेपुढे बहीण काही बोलली नाही. बाहेर आल्यावर आम्ही धक्क्याजवळच्या लहानशा मासळी बाजाराकडे गेलो. होड्या आल्या की जा. मासे कापणाऱ्या बाईच्या कमरेला टेकून एक सी लायन उभा होता, मागे पेलिकन ओळीने बसलेले, आणि ती त्याला कोपराने बाजूला सारत शांतपणे आपलं काम करत होती.