पेन्सिलीच्या खुणा

आज झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, उद्योगमालकांच्या एका संघटनेच्या कार्यालयात मी प्रशिक्षणाचा आराखडा समजावून सांगत असताना तिथल्या वयस्कर खजिनदारांनी मला मध्येच थांबवले आणि वर्गणीची वही समोर सरकवली. भरलेल्या वर्गणीपुढे शाईची खूण होती, थकलेल्या वर्गणीपुढे पेन्सिलीची. पानभर पेन्सिलच होती.

"मॅडम, तुमचा निधी आला की सभासद वर्गणी द्यायचे थांबतात," ते शांतपणे म्हणाले.

१९१९ पासून आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत, म्हणजे कामाविषयीचे जागतिक नियम ठरवणाऱ्या सभेत, प्रत्येक देशातर्फे सरकारचे २, मालकांचा १ आणि कामगारांचा १ असे ४ प्रतिनिधी असतात, आणि मालकांच्या प्रतिनिधीला सरकारच्या विरोधातही मत देता येते, हे मी कार्यशाळांतून वर्षानुवर्षे सांगत आले आहे. मात्र ज्या संघटनेचे वीजबिल परदेशी देणगीदार भरतो, तिचे मत नेमके कोणाचे मानायचे, हा प्रश्न माझ्या एकाही स्लाइडवर नाही. (स्लाइड तशा ४२ आहेत.)

निघताना त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी याल तेव्हा कार्यशाळा मोजण्याऐवजी या वहीतल्या शाईच्या खुणा मोजाल का?"

ती ओळ मी आज संध्याकाळीच अहवालात घातली आहे. मुख्यालयातून अहवाल परत येईल तेव्हा ती त्यात शिल्लक असेल का?