आमची वाटचाल : फ्लॅटपासून फटकाऱ्यापर्यंत

फॅशन इलस्ट्रेटर, म्हणजे कपड्यांची चित्रं काढणारे, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच, सडपातळ, मानेला झोकदार वळण दिलेली बाई येते. आमच्या स्टुडिओनं पहिली तीन वर्षं तशी एकही बाई काढली नाही. आम्ही काढायचो फ्लॅट. कपडा टेबलावर पसरल्यासारखं सपाट, तांत्रिक चित्र: शिवण कुठून जाते, डार्ट (कपडा अंगाबरोबर बसावा म्हणून शिवलेली चूण) कुठे संपतो, खिशाला टीप एक की दोन. काम कंटाळवाणं, पण घरभाडं त्यातूनच निघायचं. शिवाय हात घडला तोही त्यातच. बाही खांद्याला कशी बसते हे ठाऊक नसेल, तर ती कितीही नजाकतीनं रंगवा, चिकटवल्यासारखीच दिसते.

पुढे जाहिरातीची कामं आली आणि उलटीच पंचाईत झाली. माणूस साधारण साडेसात डोक्यांइतका उंच असतो. फॅशनच्या चित्रात तो ९, कधी १० डोक्यांचा करतात, आणि ही वाढ बहुतेक पायांत घालतात. आम्ही ती सगळीकडे सारखी वाटली. बाई ताणलेल्या रबरासारखी दिसायला लागली.

महागात पडली ती मात्र वेगळीच चूक. टॅबलेटवर काढताना चित्र मधूनच आरशातल्यासारखं उलटवून बघतात, म्हणजे गेलेला तोल चटकन कळतो. एकदा ते परत सुलट करायचं राहिलं. शर्ट बायकांचा, म्हणजे बटणं लावल्यावर उजवी पट्टी डावीच्या वर हवी. आमच्या चित्रात डावी. ग्राहकाच्या कटिंग मास्टरच्या लक्षात आलं तोवर त्या चित्राची कार्डं छापून झाली होती. छपाईचा भुर्दंड आम्ही सोसला. तेव्हापासून फाइल पाठवताना मी आधी बटणं बघते, मग चेहरा.

आमची म्हणावी अशी शैली ठरवून आली नाही. कार्यक्रमांत पाहुण्यांना समोर उभं करून चित्र काढायची कामं मिळू लागली. माणशी पाच-सहा मिनिटं, मागे रांग. ब्रशपेनला खोडरबर नसतो. एकदा सॅटिनचा गाऊन घातलेल्या बाई उभ्या राहिल्या. छटा भरत बसायला वेळच नव्हता, म्हणून कमरेपासून दोन काळे फटकारे खाली ओढले आणि मधला कागद कोरा सोडला. सॅटिनची चमक तिथेच उतरली. शिफॉनला हे चालत नाही, तिथे शाईत पाणी जास्त घ्यावं लागतं.

'फोटो असताना चित्र कशाला?' हा प्रश्न दर वर्षी येतो. तसा तो जुनाच आहे. 'व्होग' या फॅशन मासिकानं जुलै १९३२ मध्ये पहिल्यांदा मुखपृष्ठावर रंगीत छायाचित्र छापलं आणि हळूहळू चित्रकार मागे सरकले. पण त्यानंतरही रेने ग्रुओंनी 'मिस डिऑर' या अत्तराच्या जाहिरातीसाठी मोत्यांची माळ घातलेला हंस काढला. त्यात कपडा नाहीच, तरी डौल सगळा आहे. आणि जानेवारी २०२० मध्ये 'व्होग इटालिया'नं पर्यावरणाचा भार टाळायला फोटोशूटच केले नाहीत, अंकातले कपडे चित्रकारांकडून काढून घेतले. तो अंक मी ग्राहकांना दाखवते. जरा भाव खाऊन, हे कबूल.

आजही आम्ही दोघीच. फ्लॅटचं काम सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात एका ग्राहकानं विचारलं, "डावी बाही काढायची राहिली का?" राहिली नव्हती, सोडली होती. भागीदारीण चिडली, मी बाही काढली आणि दोन्ही चित्रं पाठवली. उत्तर अजून यायचंय.