आल्टोची ओळ

रविवार, रात्री साडेदहा

चर्चमधली उपासना अकराला सुटली आणि क्वायरचा सराव चालला दीडपर्यंत. घरी कुकरही लावलेला नव्हता. पण आज चिडचिड झाली ती त्यामुळे नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पुण्यतिथी ९ मेला, म्हणून त्या आठवड्यात त्यांचंच एक भजन गायचं ठरलंय. आमच्या नव्या मास्तरांना ते चार आवाजांत बसवायचंय. सोप्रानो, आल्टो (बायकांचा खालचा आवाज, माझा तोच), टेनर, बेस. मुलगा हुशार आहे, कॉर्ड लिहून आणले होते. गायलो, आणि भजन पार गोठलं. मींड घ्यायला गेलं की आल्टो आडवी येते, आल्टो सांभाळावी तर चाल ताठ होते. तबलेवाला बिचारा कधी आमच्याकडे, कधी मास्तरांकडे बघत होता. शेवटी मागच्या बाकावरच्या मावशींनी (क्वायरमध्ये नाहीत, भाचीसाठी थांबल्या होत्या) तेच भजन आपल्या पट्टीत धरलं आणि आम्ही कागद खाली ठेवून त्यांच्या मागे म्हणायला लागलो. दुसऱ्या कडव्याला टाळ आठवले.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मग अभंग, ओवी, पदं असं सगळं ओळखीचं सामान त्यांनी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणलं. त्यांच्याही आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी केवढी पदं आणि कीर्तनं केली होती. माझी आजी लिहावाचायला फार उशिरा शिकली, पण ही पदं तिला आधीपासून येत. एक जण म्हणणार, बाकीचे उचलणार. त्याला पुस्तक लागत नाही.

विलायती चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचं तसं नाही. तिथे चाल आधी आली, मराठी नंतर आत कोंबली. ओळींत ८-७-८-७ अक्षरं भरली की कडवं झालं! ‘पिता’मधल्या ‘पि’वर लांब सूर आला की त्याचं ‘पीऽऽता’ होतं आणि संडेस्कूलची पोरं एकमेकांना ढोसतात. ऱ्हस्वाचं दीर्घ अभंगातही होतं म्हणा, पण तिथे ते गाणाऱ्याच्या मर्जीनं होतं. श्वासाचं तर विचारूच नका. समजा ओळ आहे, ‘सोडिशी न तू मला’. चाल ‘सोडिशी’वर थांबते, अख्खी मंडळी श्वास घेते, आणि तेवढ्या वेळापुरतं देवानं आपल्याला सोडलेलं असतं.

हे सगळं मी आज मास्तरांना तावातावानं ऐकवलं. भजन भजनासारखंच राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, “बरं ताई, मग त्या दिवशी आल्टो नाही. सगळ्यांनी एकच चाल.”

आणि मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

बावीस वर्षं आल्टो गातेय. मूळ चाल कधी आमच्या वाट्याला येत नाही, बहुतेकदा तीनचार सुरांतच घुटमळायचं. स्क्रिव्हेननं आयर्लंडमधल्या आपल्या आईच्या दिलाशासाठी लिहिलेलं, येशूला मित्र म्हणणारं ते गीत घ्या. कन्व्हर्सनं १८६८ साली दिलेली त्याची चाल आमच्या देवळात झोपेतही कुणी चुकणार नाही. त्यातही मी चालीच्या खाली, वळचणीला उभी असल्यासारखी गाते. बाकावर बसलेल्यांना मी वेगळी ऐकू येत नाही. पण मी गप्प बसले तर काहीतरी पोकळ झालंय एवढं त्यांना कळतं. भजनात मला सगळी चाल मिळते, आणि ती माझी एकटीची नसते. मराठी मोडलेलं गीत मला त्या तीन सुरांसाठी आवडतं, हे मास्तरांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

मावशी निघताना म्हणाल्या, “तुमचं ते वरखाली छान असतं गं, पण आम्हाला मध्ये शिरताच येत नाही.” हे अगदी खरं.

रात्री भांडी घासताना गुणगुणत होते. हे ओट्याशी पाणी प्यायला आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “हे कुठलं गं? नवीन बसवताय?”

स्क्रिव्हेनचंच होतं. यांनी जन्मभर गायलंय.