तुम्ही विचारलंत म्हणून: पुतळा जातो कुठे?

नाशिकरोडला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. कुर्ते, शर्ट, जॅकेट, लहान मुलांचे कपडे ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी आम्ही फोटो काढतो. कुठंही ओळख झाली की प्रश्न ठरलेला: "ताई, आत माणूस नाही, पुतळा नाही, मग कुर्ता अंगात घातल्यासारखा उभा कसा राहतो?" आणि हल्ली लगेच पुढचा: "आता ॲपवर पुतळा पुसता येतो म्हणे, मग स्टुडिओ कशाला?"

पुतळा असतोच. कपडा त्याच्यावर चढवूनच फोटो काढायचा आणि नंतर फोटोशॉपमध्ये पुतळा काढून टाकायचा. पण तो काढला की गळ्याच्या जागी भोक पडतं. पाठीच्या गळ्याची आतली बाजू, जिथं लेबल शिवलेलं असतं, ती पुतळ्याच्या मानेमागे झाकलेली होती, म्हणजे फोटोत आलेलीच नाही. म्हणून दुसरा फोटो लागतो. कपडा उलटा करून पुन्हा पुतळ्यावर चढवायचा आणि पुतळा पाठमोरा वळवायचा. आता पाठीचं अस्तर, गळ्याची पट्टी, लेबल सगळं कॅमेऱ्यासमोर येतं. ट्रायपॉड हलवायचा नाही, लाइट बदलायचा नाही. मग या फोटोतला गळ्याचा तुकडा कापून पहिल्या फोटोच्या थराखाली, भोकाच्या जागी बसवायचा. बसवला की तो थोडा काळसर करावा लागतो, कारण खऱ्या कपड्यात तिथं उजेड कमी पोचतो. ती सावली नसली तर गळा चिकटवल्यासारखा दिसतो. लांब किंवा सैल बाह्यांच्या तोंडाशी आणि समोरून उघड्या जॅकेटच्या घेराशीही हेच करावं लागतं.

बाकीची तयारी वेळखाऊ असली तरी शिकता येते. वाफेची इस्त्री, दोरे कापणं, बाहीत टिश्यू पेपर भरणं. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सनं जवळून काढलं की छाती फुगते आणि खालचा घेर आक्रसतो, म्हणून मी लांब उभी राहून ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं काढते. पांढऱ्या पडद्यावर पांढरा चिकनचा कुर्ता काढायचा असेल तर त्याची कडाच हरवते. तेव्हा दोन्ही बाजूंना, चौकटीच्या बाहेर, काळे पुठ्ठे उभे करायचे. कडेवर बारीक गडद रेघ येते आणि कुर्ता पडद्यापासून सुटा होतो. रंग खरा उतरावा म्हणून शेजारी राखाडी कार्ड ठेवून एक फोटो आधी घ्यायचा. खिडकीच्या उजेडावर मी विसंबत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात एका तासात उजेड चारदा बदलतो आणि सकाळचा राणी रंग दुपारी वेगळाच दिसतो.

चिमट्यांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. पुतळ्याच्या पाठीमागे चिमटे लावून कपडा ताणला की कुठलाही कुर्ता बेतून शिवल्यासारखा दिसतो. समोरून काहीच कळत नाही. दुकानदार आवर्जून सांगतात, "मॅडम, कमरेत जरा आवळा." मी आवळत नाही. चुणी सरळ करायला, खांदा जागेवर बसवायला एखादी टाचणी चालते. पण सरळ कुर्त्याला कंबर काढून दाखवली की विकत घेणारी बाई तो मागवणार, घालून बघणार, तिच्या अंगावर तो पोत्यासारखा लोंबणार आणि ती परत पाठवणार. जाण्या-येण्याचा खर्च दुकानदाराच्या माथी. त्याहून वाईट म्हणजे तिला वाटतं, आपलंच अंग चुकीचं आहे.

आता ॲपचं. पुतळा पुसायला ॲप चांगलं आहे, कडाही स्वच्छ कापतं. पण गळ्याच्या आतला भाग त्याच्याकडे नसतो, कारण तो फोटो कोणी काढलेलाच नसतो. मग ते अंदाजानं भरतं. बाहेरचाच रंग आत ओढतं, नसलेली शिलाई दाखवतं, अस्तर नसलेल्या कुर्त्याला अस्तर देतं. विकत घेणाऱ्या बाईला कापड हातात घेता येत नाही. आपण दुकानात कपडा घेताना पहिल्यांदा काय करतो? उलटा करून टीप बघतो, अस्तर आहे का बघतो. ऑनलाइन तिला एवढीच फट मिळते, गळ्यातून आत डोकावायची. तिथं जे दिसेल ते त्याच कपड्याचं असलं पाहिजे. माझे पैसे मी त्या दुसऱ्या फोटोचे घेते.

कधीकधी दुकानदार म्हणतात, पुतळा राहू द्या, काम वाचेल. स्वतःच्या इन्स्टाग्रामवर राहू द्या, हरकत नाही. पण ॲमेझॉनवर पहिल्या फोटोत पुतळा दिसलेला चालत नाही. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी, म्हणजे आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा या रंगांचे) तिन्ही आकडे २५५, आणि वस्तूनं चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. हे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून माल आणण्याआधी आपल्या खात्यात एकदा वाचून या.

येवल्याहून पैठणीवाले येतात तेव्हा तेही हाच अदृश्य पुतळा मागतात. पैठणीच्या कापडाचं जॅकेट असेल, ब्लाउज असेल, तर मी आनंदानं करते. जरीवर लाइट चमकतो म्हणून सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा कापडी खोका, बाजूला सरकवायचा, एवढंच. साडीला मात्र नाही म्हणते. साडी नेसलेल्या बाईवरच बघावी, पुतळा पुसून हवेत उभ्या केलेल्या निऱ्यांना काही अर्थ नसतो. त्यांना मी सांगते, पदर पूर्ण पसरा, एक फोटो सुलट बाजूचा घेऊ आणि एक उलट बाजूचा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो, मशीनच्या साडीत मागे बहुधा मोकळे दोरे लोंबताना दिसतात. आधी काही जण नाराज होतात, उलट बाजू कोण बघणार म्हणतात. पण ज्याचा माल हातमागाचा आहे, तो दुसऱ्यांदा येतो तेव्हा पदर उलटाच पसरून ठेवतो.