मातीतच वाढलेल्या पोरांना माती काय बरं करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. परवा पारोळ्याकडच्या एका काकांचा फोन आला आणि त्यांनी तेच विचारलं जे मला धुळ्यात, अमळनेरात, शिरपुरात कुणी ना कुणी विचारतंच. "मॅडम, तुम्ही डिप्रेशनवाल्या पोरांना वावरात खुरपं धरायला लावता म्हणे, पण आमची पोरं तर जन्मापासून वावरातच आहेत, मातीने माणूस बरा होत असता तर आमच्या घरात हे आलंच कसं असतं?"

काका, प्रश्न बरोबर आहे आणि तुमच्या आवाजात जे होतं तेही मला ऐकू आलं. पहिलं म्हणजे फक्त तुमच्याच घरात आलेलं नाही, 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार सापडला होता, म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार जण धरा.

मी समुपदेशक आहे. एका ओळखीच्या शेतकरी दादांनी धुळ्याजवळ 10 गुंठे दिलेत, तिथे 15 ते 24 वयाच्या पोरापोरींसोबत भाजीपाला लावते, एका वेळी सहा-सात जणच, आठवड्यातून दोन सकाळी.

आता तुमचं वावर बघा. तुमच्याकडे कापूस. म्हणजे बियाण्याचं पाकीट उधार, खत उधार, मग पावसाची वाट, मग गुलाबी बोंडअळी, आणि एवढं करून भाव काय मिळेल ते देवाला ठाऊक. पोरगा त्या वावरात उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात तुमचं कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, आणि "शिकला नाहीस तर हेच करावं लागेल" हे तर आपण सगळ्यांनीच पोरांना लहानपणापासून ऐकवलंय, म्हणजे वावर ही त्याच्या लेखी नापास झालेल्याची जागा. आमच्या 10 गुंठ्यांत काहीच विकायचं नसतं. मेथी जळाली तर पुन्हा टाकतो. कुणी विचारत नाही किती निघालं.

एक मुलगा होता, 19 वर्षांचा, नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिलेली. रात्रभर मोबाईल, सकाळी अकरापर्यंत झोप, जेवणाचं ताट खोलीच्या दाराशी. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि थोडं सावरल्यावर माझ्याकडे पाठवला. पहिले तीन दिवस बांधावर बसून राहिला, बसू दिलं. चौथ्या दिवशी मुळ्याची विरळणी होती. मुळा दाट उगवला की मधली रोपं उपटावी लागतात, नाहीतर कुणालाच खाली पोसायला जागा उरत नाही. हा वाफ्याशी उकिडवा बसला, एक रोप दोन बोटांत धरलं आणि तसाच थांबला, बराच वेळ. मग म्हणाला, "ताई, हाई ते चांगलं शे ना, मंग काबर उपटानं?"

दोनदा यादीत नाव न आलेल्या पोराला "जागा कमी आहेत म्हणून" असं सांगायला माझी जीभच वळेना हो. म्हटलं नको उपटूस, तुझा अर्धा वाफा तसाच राहू दे. महिन्याभराने त्या अर्ध्यात नुसता पाला माजला, मुळे करंगळीएवढेसुद्धा नाहीत. त्याने तो सगळा पाला कापून घरी नेला, आईने भाजी केली, कळण्याची भाकरी केली, आणि त्या दिवशी तो ताट घेऊन सगळ्यांमध्ये येऊन बसला असं त्या माऊलीने मला फोनवर सांगितलं. त्यानंतर दोन आठवडे तो आलाच नाही, हेही सांगते, कारण असंच असतं, चढउतार होतच राहतात.

यात काम काय करतं? डिप्रेशनमध्ये माणूस "मन लागलं की करीन" म्हणत थांबतो आणि मन काही लागत नाही. म्हणून उपचारातच एक पद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, आधी छोटंसं काम करायचं, मन मागून येतं. मेथी चार-पाच दिवसांत वर येते म्हणून सुरुवात मेथीने, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढा धीर या पोरांकडे सुरुवातीला नसतो. आणि शेजारी बसून तण काढताना नजर मातीत असते, समोरासमोर खुर्चीत जे तोंडातून निघत नाही ते तिथे निघतं.

1984 साली रॉजर उलरिच या संशोधकांचा अभ्यास आला होता, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट, खिडकीतून झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि भिंत दिसणाऱ्यांपेक्षा त्यांना जोराची वेदनाशामकं कमी लागली. पण ते ऑपरेशनचे पेशंट होते, त्यावरून झाडाने डिप्रेशन जातं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत.

आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. मनाचे मोठे चढउतार आवरायला देतात ती लिथियमची गोळी चालू असेल तर खूप घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढू शकतं, म्हणून आम्ही सकाळी साडेसहा ते आठ एवढंच काम करतो आणि मे महिन्यात सावलीत बसून रोपांच्या पिशव्यांत माती भरतो. खुरपी मोजून देतो, मोजून घेतो. फवारणीचं औषध तिथे ठेवतच नाही, आणि काका, तुमच्या घरातल्या बाटल्याही आजच्या आज कुलपात टाका, किल्ली स्वतःकडे ठेवा. पोरगा जिवाचं काही वेडंवाकडं बोलला तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, तुम्हीही लावू शकता.

आणि उद्यापासून त्याला कापसात नेऊ नका "ताईंनी सांगितलंय" म्हणून. गुरुवारी साडेसहाला घेऊन या. त्याला सोडलं की बांधावर बघत थांबू नका, रस्त्यावर चहाची टपरी आहे तिथे बसा, आठ वाजता या. परत जाताना गाडीवर काय केलं, काय केलं असं विचारू नका, तो सांगेल तेवढं ऐका.